पाचारण आणि श्रवण : मध्य प्रांतातील ख्रिस्ती इतिहासाचे एक चिंतन

‘पाचारण’ हा शब्द आपल्या मंडळ्यांत फार वापरला जातो. दीक्षाविधीच्या प्रसंगी तो उच्चारला जातो, धर्मशिक्षकांच्या नेमणुकीच्या पत्रांत तो लिहिला जातो, तरुणांच्या शिबिरांत त्यावर प्रवचने होतात. परंतु पाचारण म्हणजे कोणीतरी हाक मारणे. आणि हाक म्हटली की ती ऐकणारा कान आलाच. हाक मारणारा देव आहे याविषयी आपल्याला संशय नाही. अडचण आहे ती कानाची. देवाची हाक कोणती, आपल्याच मनाची इच्छा कोणती, घरच्यांचा आग्रह कोणता आणि पोटाची निकड कोणती, हे ओळखावे कसे? या प्रश्नाचे उत्तर केवळ व्याख्या करून मिळत नाही. ज्यांनी हाक ऐकली त्यांच्या आयुष्यांत ती कशी ऐकू आली, किती दिवसांनी आली, कोणाच्या मुखाने आली आणि तिचे मोल काय पडले, हे पाहिले म्हणजे काही उलगडा होतो. म्हणून प्रस्तुत लेखात आपण इतिहासाकडे वळणार आहोत.

शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकाच्या तिसऱ्या अध्यायातील कथा वाचकांच्या परिचयाची आहे. मंदिरात निजलेल्या मुलाला हाक येते. तो उठून धावतो तो एलीकडे. असे तीनदा घडते. मुलाचे कान तीक्ष्ण होते, तो आज्ञाधारकही होता. पण हाक कोणाची हे त्याला कळत नव्हते. ते कळले वृद्ध एलीला, आणि तेही तिसऱ्या खेपेस. एलीची दृष्टी मंद झाली होती, त्याचे घर बिघडले होते, आणि मुलाला जो संदेश मिळणार होता तो एलीच्याच घराण्याविरुद्ध होता. तरीही ऐकावे कसे हे शमुवेलाला त्यानेच शिकविले. पाचारण ऐकणारा आणि पाचारण ओळखावयास शिकविणारा, अशी दोन माणसे या कथेत आहेत. पुढील विवेचनात ही दोन्ही माणसे आपल्याला पुनःपुन्हा भेटतील.

१. सातपुड्याच्या पायथ्याचा प्रदेश

पांढुर्णा आणि सौंसर हे दोन तालुके २०२३ साली पांढुर्णा जिल्हा स्थापन होईपर्यंत छिंदवाडा जिल्ह्याचा दक्षिण भाग होते. सातपुड्याचे पठार येथे उतरून नागपूरच्या मैदानाला मिळते. कन्हान आणि जाम या नद्यांच्या काठी कापूस, ज्वारी व संत्री पिकतात. घरात आणि बाजारात वऱ्हाडी-नागपुरी वळणाची मराठी चालते. पवार समाजाच्या घरांतून पवारी बोलली जाते. वरच्या डोंगरपट्ट्यात गोंडी ऐकू येते. आणि कचेरीची भाषा हिंदी आहे. देवगडच्या गोंड राजांनी येथे राज्य केले. त्यांच्यातील बख्त बुलंद याने नागपूर शहर वसविले. पुढे भोसल्यांची सत्ता आली. शेवटच्या भोसले राजाच्या मृत्यूनंतर हे राज्य इंग्रजांनी खालसा केले आणि १८६१ साली मध्य प्रांत निर्माण झाला. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत हा मराठी बोलणारा पट्टा मध्य प्रदेशात राहिला.

अशा सीमेवरच्या मुलखात सुवार्ता दोन दिशांनी येणे स्वाभाविक होते. दक्षिणेकडे नागपूरला स्कॉटिश मिशन होते; उत्तरेकडे १८७७ पासून स्वीडिश मिशनरी मध्य प्रांतात येऊ लागले, आणि त्यांच्या परिश्रमांतून उभ्या राहिलेल्या मध्य प्रदेशातील इव्हँजेलिकल लुथरन मंडळीचे मुख्य ठाणे छिंदवाडा हे झाले. परंतु या दोहोंच्याही आधीचा एक प्रसंग ध्यानात घेण्यासारखा आहे. १८४२ च्या सुमारास काही जर्मन सुवार्तिक गोंड लोकांत कार्य करण्याच्या हेतूने अमरकंटकाजवळील करंजिया या गावी येऊन राहिले. त्यांनी घरे बांधली, जमीन कसण्यास आरंभ केला. पहिल्याच पावसाळ्यात पटकीची साथ आली आणि थोड्या दिवसांत त्यांच्यातील बहुतेक जण मरण पावले. मागे राहिलेल्यांना ते ठाणे सोडावे लागले.

या माणसांचे पाचारण खोटे होते काय? यशावरून पाचारणाची परीक्षा करावयाची ठरविली, तर तसे म्हणावे लागेल. पण पवित्र शास्त्र असे माप वापरीत नाही. यिर्मयाचे कोणी ऐकले नाही, आणि तरी त्याचे पाचारण खरे होते. स्तेफनाची सेवा उण्यापुऱ्या एका भाषणात संपली. करंजियाच्या थडग्यांकडे पाहून आपण एवढेच म्हणू शकतो की, हाक ऐकून निघालेल्या माणसाला फळ पाहावयास मिळेलच असे वचन दिलेले नाही. ज्यांची अनेक वर्षांची सेवा एखाद्या लहान वस्तीत गेली आणि जिचे फळ अहवालात दाखविता आले नाही, अशा धर्मशिक्षकांनी हे मनाशी धरून ठेवावे.

२. हिस्लॉप : लोकांचे बोलणे ऐकणारा पाळक

स्टीफन हिस्लॉप यांचा जन्म १८१७ साली स्कॉटलंडमधील डन्स या गावी झाला. १८४३ साली स्कॉटलंडची मंडळी दुभंगली आणि स्वतंत्र मंडळी स्थापन झाली. कामठीच्या छावणीतील एका सेनाधिकाऱ्याने नागपूर प्रांतात मिशन सुरू व्हावे म्हणून मोठी देणगी देऊ केली होती. या नव्या मंडळीने ती स्वीकारून हिस्लॉप यांची निवड केली. १८४४ च्या अखेरीस ते मुंबईस उतरले आणि १८४५ च्या आरंभी नागपूरला पोहोचले. पाचारण कधीकधी असे येते : दुसऱ्याच कोणाच्या मनात उद्भवलेली कळकळ, दूरच्या मंडळीचा निर्णय आणि एका तरुणाचा होकार, यांचा मेळ बसून.

हिस्लॉप यांनी नागपुरात शाळा काढली, मराठी आत्मसात केली आणि गावोगाव फिरून प्रवचने केली. त्यांच्या नावाचे महाविद्यालय १८८३ पासून नागपुरात आहे. पण आपल्या विषयाच्या दृष्टीने त्यांचे दुसरे काम अधिक बोलके आहे. ते फिरताना खडक पाहत आणि जीवाश्म गोळा करीत, आणि त्याचबरोबर माणसांचे ऐकत. गोंड लोकांचे शब्द, त्यांचे देव, त्यांच्या चालीरीती आणि लिंगो या त्यांच्या पुराणपुरुषाचे दीर्घ गीत त्यांनी टिपून ठेविले. ते गीत गोंडांच्या प्रधान गायकांच्या तोंडचे होते. हे सारे कागद त्यांच्या मृत्यूनंतर १८६६ साली सर रिचर्ड टेंपल यांनी प्रसिद्ध केले. मध्य प्रांतातील आदिवासींच्या अभ्यासात ते आजही आधाराला घेतले जातात.

सुवार्ता सांगावयास आलेल्या माणसाने आपला वेळ दुसऱ्यांची गीते उतरून घेण्यात का घालवावा, असा प्रश्न काहींच्या मनात येईल. येथेच एक महत्त्वाची गोष्ट आहे. जो माणसाचे ऐकत नाही त्याला देवाचे ऐकण्याची सवय लागत नाही. दोन्हींना लागणारी वृत्ती एकच आहे : आपले बोलणे थांबविणे, समोरच्याचे वाक्य पुरे होऊ देणे, आणि आपल्या अपेक्षेत न बसणारे काही ऐकू आले तरी ते टाकून न देणे. हिस्लॉप यांना गोंडांच्या श्रद्धा मान्य नव्हत्या. तरी त्यांनी त्या विपर्यास न करता लिहून ठेविल्या. उपदेशकाच्या अंगी हा प्रामाणिकपणा नसेल, तर तो देवाच्या वचनातही आपल्या मनातलेच वाचील.

४ सप्टेंबर १८६३ रोजी टाकळघाट येथील प्राचीन दगडी वर्तुळे व तेथील शाळा पाहून बोरीच्या मुक्कामाकडे घोड्यावरून परतत असता, पावसाने फुगलेल्या नाल्यात ते बुडून मरण पावले. त्यांचे वय सेहेचाळिसाच्या आसपास होते.

३. टिळक : आगगाडीतील पुस्तक आणि दोन वर्षांचा विलंब

हिस्लॉप यांच्यानंतर तीस वर्षांनी नागपूरच्याच परिसरात एका मराठी माणसाने हाक ऐकली. नारायण वामन टिळक यांचा जन्म १८६१ साली रत्नागिरी जिल्ह्यातील करजगाव येथे झाला. संस्कृतचे अध्ययन त्यांनी नाशिकला केले. काव्यशक्ती आणि वक्तृत्व उपजत होते. स्वभाव मात्र अस्थिर. एका गावी नोकरी धरावी, दुसऱ्या गावी निघून जावे, असे त्यांचे आयुष्य चालले होते. नागपुरात आप्पासाहेब बुटी यांच्या आश्रयाने ते संस्कृत ग्रंथांचे काम पाहत. देशाच्या उन्नतीसाठी नवा धर्म हवा, जातिभेद नाहीसा करणारा धर्म हवा, असे विचार त्यांच्या मनात घोळत होते. तो धर्म आपणच स्थापावा, इथपर्यंत त्यांची मजल गेली होती.

१८९३ साली नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीच्या डब्यात एका युरोपीय प्रवाशाशी त्यांचे संभाषण झाले. त्या गृहस्थाने त्यांच्या कवित्वाची आस्थेने चौकशी केली, नव्या कराराची एक प्रत त्यांच्या हाती दिली, आणि आपण दोन वर्षांच्या आत ख्रिस्ती व्हाल असे भाकीतही केले. हा प्रवासी कोण होता ते टिळकांना पुढे कधीही कळले नाही. भाकीत त्यांना चमत्कारिक वाटले. परंतु पुस्तक वाचण्याचे वचन दिले होते म्हणून त्यांनी ते वाचावयास घेतले. मत्तयकृत शुभवर्तमानातील डोंगरावरील प्रवचनापाशी ते आले आणि तेथे खिळून राहिले. स्वतः जो धर्म शोधीत होते त्याचे बीज त्यांना तेथे दिसले.

येथे थांबून एक गोष्ट पाहावी. टिळकांना हाक ऐकू आली ती त्यांच्या पूर्वीच्या तळमळीच्या द्वारे. आईने लहानपणी लाविलेली भक्तीची गोडी, तुकोबांचे अभंग, जातिभेदाविषयीची चीड, देशप्रीती, यांपैकी काहीही वाया गेले नाही. तुकोबांच्या वाटेने आपण ख्रिस्ताकडे आलो, असे ते पुढे स्वतः म्हणत. पाचारण माणसाला नव्या ठिकाणी नेते. पण ज्या भूमीवर तो उभा असतो तेथूनच ते त्याला नेते. मोशेला हाक आली ती मेंढरे चारीत असता, आणि पेत्राला जाळे टाकीत असता.

वाचनानंतर लगेच बाप्तिस्मा झाला नाही. मुंबईचे अमेरिकन मराठी मिशनचे डॉ. जस्टिन ॲबट यांच्याशी त्यांचा पत्रव्यवहार सुरू झाला. शंका विचारल्या गेल्या, उत्तरे आली, पुन्हा शंका आल्या. बुद्धीची खात्री होत गेली. पण पत्नी लक्ष्मीबाई, लहान मुलगा, आप्तेष्ट यांचा विचार पाय ओढून धरीत होता. अखेर १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. तो एखाद्या परदेशी मिशनऱ्याच्या हातून न होता हिंदी पाळकाच्या हातून व्हावा, असा त्यांचा आग्रह होता, आणि रेव्हरंड तुकाराम नथोजी यांनी तो दिला. आगगाडीतील प्रवाशाने सांगितलेली मुदत संपता संपता ही घटना घडली.

या कथेत ‘एली’ किती आहेत ते मोजून पाहावे. डब्यातील अनोळखी प्रवासी, पत्रे लिहिणारे डॉ. ॲबट, बाप्तिस्मा देणारे रेव्हरंड नथोजी, आणि पुढे अहमदनगरच्या ईश्वरविज्ञानाच्या शाळेत त्यांना जवळ घेणारे डॉ. ह्यूम. यांपैकी एकालाही संपूर्ण कार्य दिसले नाही. प्रवाशाने फक्त पुस्तक दिले. ॲबट यांनी संयमाने उत्तरे लिहिली. आपल्या मंडळीतील एखादा तरुण पाचारणाविषयी बोलावयास येतो तेव्हा त्याचा सारा मार्ग आपणच आखून द्यावा असा मोह पाळकाला होतो. पण एलीने शमुवेलाला संदेश सांगितला नाही. परत जाऊन निजावे आणि हाक आली तर काय उत्तर द्यावे, एवढेच त्याने शिकविले.

४. लक्ष्मीबाई : दुसऱ्याच्या कानांनी ऐकता येत नाही

टिळकांच्या बाप्तिस्म्याची कथा आपण उत्साहाने सांगतो. पण त्या दिवशी एका घराची जी वाताहत झाली ती आपण लवकर विसरतो. लक्ष्मीबाईंना हा आघात मरणापेक्षा कठीण वाटला. पुढे चार वर्षांहून अधिक काळ त्या पतीपासून दूर, आप्तांच्या आश्रयाने राहिल्या. ‘स्मृतिचित्रे’ या आपल्या आत्मचरित्रात त्यांनी ते दिवस कसलाही मुलामा न देता लिहून ठेविले आहेत.

अखेर त्या टिळकांकडे परत आल्या. परंतु ख्रिस्ती म्हणून आल्या नाहीत. त्यांचे सोवळे, त्यांचा वेगळा स्वयंपाक, त्यांचे वेगळे पाणी चालू राहिले, आणि टिळकांनी ते चालू दिले. हळूहळू त्यांच्या मनात विचार सुरू झाला की, माणसामाणसांतील हा भेद देवाने केला की माणसांनी? एकदा उत्तर मिळाल्यावर त्यांनी जातिभेद सोडून दिला. बाप्तिस्मा त्यानंतरचा, १९०० सालचा. पतीची श्रद्धा त्यांनी उसनी घेतली नाही. जो माणूस व्यासपीठावरून सहस्रावधी लोकांना हलवू शके, त्याला स्वतःच्या घरात पाच वर्षे थांबावे लागले.

पाळकांच्या व धर्मशिक्षकांच्या कुटुंबांत हा प्रश्न आजही आहे. घरातील एकाला पाचारण झाले की बाकीच्यांना ते आपोआप झाले असे गृहीत धरले जाते. पत्नीने दुर्गम गावी यावे, मुलांनी शाळा सोडावी, थोड्या वेतनात सर्वांनी भागवावे, हे सारे ‘पाचारण’ या एका शब्दाने मिटविले जाते. टिळकांच्या घराचा इतिहास तसे करू देत नाही. घरातील दुसऱ्या माणसाला ऐकण्यासाठी वेळ देणे हाही आज्ञापालनाचाच भाग आहे. त्या वेळेचे फळही पाहावे : टिळकांनी आरंभिलेले ‘ख्रिस्तायन’ त्यांच्या मृत्यूने अपुरे राहिले, त्याचा फार मोठा भाग लक्ष्मीबाईंनी रचिला. ज्या स्त्रीने उसनी श्रद्धा नाकारली तिनेच पतीचे अर्धे राहिलेले काम पुढे नेले.

टिळकांचे स्वतःचे श्रवणही बाप्तिस्म्याने संपले नाही. १९०४ साली त्यांना पाळकपदाची दीक्षा मिळाली, ‘ज्ञानोदय’च्या मराठी विभागाचे संपादन त्यांच्याकडे आले, मंडळीत मान होता. तरी १९१७ साली त्यांनी मिशनचे वेतन सोडले, संन्यासवृत्ती स्वीकारली आणि ‘देवाचा दरबार’ स्थापन केला. बाप्तिस्मा झालेले आणि न झालेले अशा दोन्ही प्रकारच्या ख्रिस्तशिष्यांचा हा बंधुसंघ असावा, अशी त्यांची कल्पना होती. ९ मे १९१९ रोजी त्यांचा अंत झाला आणि हे काम फारसे रुजू शकले नाही. बाप्तिस्म्याविषयीचा त्यांचा विचार सर्वांना पटेल असे नाही. पण छप्पन्न वर्षांच्या वयात, स्थिर पदावर असता, पुन्हा नव्याने हाक ऐकण्याची तयारी त्यांनी दाखविली, हे आपण नोंदविले पाहिजे.

५. रमाबाई : दुष्काळातून आलेली हाक

तिसरे उदाहरण पंडिता रमाबाईंचे. त्यांचे कार्यक्षेत्र पुणे आणि केडगाव. परंतु त्यांच्या आयुष्यातील एक निर्णायक हाक मध्य प्रांतातून आली, म्हणून त्यांचा विचार येथे अवश्य केला पाहिजे.

१८५८ साली जन्मलेल्या रमाबाईंनी तारुण्यात पाऊल ठेवीत असता दुष्काळात आई, वडील आणि बहीण गमाविली. भावाबरोबर त्या देशभर पायी फिरल्या. कलकत्त्यात त्यांच्या विद्वत्तेचा गौरव झाला. विवाहानंतर सिल्चर येथे राहत असता लूककृत शुभवर्तमानाचे एक बंगाली पुस्तक त्यांच्या हाती पडले आणि तेथील मिशनरी ॲलन यांच्याकडून त्या काही शिकल्या. वैधव्य आल्यावर त्या पुण्यास आल्या, नंतर इंग्लंडला गेल्या. नेहेम्या गोरे यांच्या पत्रांनी त्यांच्या अनेक शंका दूर केल्या. २९ सप्टेंबर १८८३ रोजी वाँटेज येथे त्यांचा बाप्तिस्मा झाला. येथेही पुस्तक, पत्रे आणि धीराने शिकविणारी माणसे हीच साधने आपल्याला दिसतात.

आणि तरी रमाबाईंनी पुढे आपल्या साक्षीत सांगितले की, त्या वेळी आपल्याला ख्रिस्ताचा धर्म सापडला होता, ख्रिस्त स्वतः सापडला नव्हता. तो अनुभव त्यांना १८९१ च्या सुमारास, म्हणजे बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षांनी आला. तोवर त्यांनी अमेरिकेचा प्रवास केला होता, ग्रंथ लिहिला होता, १८८९ साली शारदा सदन स्थापन केले होते. सेवा चालू होती, कीर्ती होती. अंतःकरणातील श्रवण मात्र मागून आले. ज्यांना दीक्षा घेऊन वीस वर्षे झाली आहेत आणि तरी आत कोरडेपणा जाणवतो, त्यांनी या साक्षीने लाजून न जाता धीर घ्यावा.

१८९६-९७ साली मध्य प्रांतात भीषण दुष्काळ पडला. छिंदवाडा जिल्हा याच प्रांतात होता. बातम्या पुण्याला पोहोचल्या तेव्हा रमाबाईंसमोर अडचणी होत्या. शारदा सदनाला मिळणारे अमेरिकेतील साहाय्य दहा वर्षांच्या मुदतीचे होते आणि ती मुदत संपत आली होती. आणखी मुलींचा भार घेणे व्यवहाराला धरून नव्हते. परंतु स्वतःच्या उपासमारीचे दिवस त्यांच्या डोळ्यांसमोरून जाईनात. ज्या देवाने आपल्याला त्या मरणातून काढिले तोच आता या मुलींकडे बोट दाखवीत आहे, अशी त्यांची खात्री झाली. त्या मध्य प्रांतात गेल्या. भुकेने खंगलेल्या आणि दुष्ट माणसांच्या हाती पडू पाहणाऱ्या मुलींना व विधवांना त्यांनी गोळा केले. या फेऱ्यांतून सुमारे तीनशे जणींना आश्रय देण्याचा संकल्प त्यांनी सिद्धीस नेला.

पुण्यात त्याच वेळी प्लेगची साथ होती आणि इतक्या जणींना शहरात ठेवण्यास अधिकाऱ्यांनी मनाई केली. तेव्हा केडगावला, संस्थेला उत्पन्न व्हावे म्हणून आधी घेऊन ठेविलेल्या शेतजमिनीवर, त्यांना नेण्यात आले. तेथेच मुक्ति मिशन उभे राहिले. जमीन घेताना रमाबाईंच्या मनात फळबाग होती; देवाच्या मनात आश्रयस्थान होते. ऐकणाऱ्याला पुढचे सारे एकाच वेळी ऐकविले जात नाही. आजच्या पावलापुरते ऐकू येते, आणि ते पाऊल टाकल्यावर पुढचे. अब्राहाम निघाला तेव्हा आपण कोठे जात आहो हे त्यालाही ठाऊक नव्हते.

रमाबाईंनी आयुष्याची अखेरची वर्षे पवित्र शास्त्राचे साध्या मराठीत भाषांतर करण्यात घालविली. त्यासाठी त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. छपाईचे काम मुक्तीतील स्त्रियांनीच केले. शिक्षण न मिळालेल्या स्त्रीलाही देवाचे वचन वाचता व समजता यावे, हा त्यामागचा हेतू. १९२२ साली त्यांचे निधन झाले तेव्हा ते काम नुकतेच हातावेगळे झाले होते.

६. या चरित्रांतून काय निष्पन्न होते?

पहिली गोष्ट अशी की, पाचारण वचनातून येते. टिळकांच्या हाती नवा करार होता, रमाबाईंच्या हाती लूककृत शुभवर्तमान. स्वप्न, भावना किंवा योगायोग यांना स्थान असेल. परंतु वचनाच्या कसोटीला न उतरणारी हाक आपण स्वीकारू नये.

दुसरी गोष्ट, पाचारण शेजाऱ्याच्या गरजेतून येते. दमास्कसच्या वाटेवर शौलाला प्रकाश दिसला; पण पुढे काय करावे हे त्याला हनन्याकडून कळले, आणि हनन्याला स्वतः भीती वाटत असताही एका आंधळ्या झालेल्या माणसाच्या दारी जावे लागले. मध्य प्रांतातील भुकेली मुलगी ही रमाबाईंसाठी देवाची वाणी होती. ज्याला प्रार्थनेच्या खोलीत हाक येते पण दारावरची हाक ऐकू येत नाही, त्याने आपले कान तपासावेत.

तिसरी गोष्ट, पाचारणाला मंडळीची साक्ष लागते. अंत्युखियाच्या मंडळीने उपास व प्रार्थना करून पौल व बर्णबा यांना वेगळे केले. एकट्याच्या मनातील निश्चय कितीही प्रबळ असला, तरी त्याला बंधुजनांनी पारखणे आवश्यक आहे. अर्थात मंडळीही चुकू शकते; म्हणून तिलाही ऐकावे लागते.

चौथी गोष्ट, पाचारण स्वस्त नसते. टिळकांना पाच वर्षे पत्नीचा वियोग झाला. रमाबाईंच्या शारदा सदनातून १८९३ च्या वादळात अनेक पालकांनी आपल्या मुली काढून नेल्या. करंजियाला तर प्राणच गेले. म्हणून जे पाचारण केवळ आपल्या सोयीचे असते, ज्यात काही सोडावे लागत नाही, त्याविषयी अधिक विचार करावा. याचा अर्थ धर्मशिक्षकाला वेतन नसावे असा नाही. कामकरी आपल्या मजुरीस पात्र आहे, आणि धर्मशिक्षकाला उपाशी ठेवून त्याच्या पाचारणाची थोरवी गाणाऱ्या मंडळीला स्वतःचे ऐकणे सुधारावे लागेल.

७. सीमेवरील मंडळीचे कर्तव्य

आता पुन्हा पांढुर्णा-सौंसरकडे येऊ. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या दोन काठांवर पांढुर्णा आणि सावरगाव समोरासमोर उभे राहतात, आणि मधल्या पात्रातील झेंड्यासाठी गोटमार होते. ज्यांनी तो दिवस पाहिला त्यांना ठाऊक आहे की, त्या गजरात जवळच्या माणसाचेही बोलणे ऐकू येत नाही. वर्षातील तो एकच दिवस. परंतु भाषांचे, जातींचे आणि पंथांचे काठ वर्षभर असतात, आणि प्रत्येक काठावरून आपला गजर चालू असतो. त्यात देवाचा मंद स्वर ऐकावयाचा तर कोणीतरी शांत बसावयास शिकविले पाहिजे. होरेब पर्वतावर एलीयाला वारा, भूकंप आणि अग्नी यांत प्रभू भेटला नाही. त्यानंतरच्या शांततेत भेटला.

या मुलखातील सेवकाला तीन गोष्टी सुचवाव्याशा वाटतात. प्रथम, वचन मातृभाषेत वाचू द्यावे. सभेची भाषा हिंदी असली तरी घरी मराठी, पवारी किंवा गोंडी बोलणाऱ्या मुलाला हाक बहुधा आईच्या भाषेत येईल. रमाबाईंनी अठरा वर्षे श्रम केले ते याच विश्वासाने, आणि हिस्लॉप यांनी गोंडी शब्द टिपले त्यामागेही हीच दृष्टी होती. दुसरे, जो कोणी पाचारणाविषयी बोलावयास येईल त्याला घाईने अर्ज भरावयास न सांगता काही काळ सोबत ठेवावे. त्याच्याबरोबर वाचावे, प्रार्थना करावी, आजाऱ्यांच्या घरी न्यावे, आणि त्याच्या घरच्यांचेही ऐकावे. दोन वर्षे लागली तरी ती वाया जात नाहीत. तिसरे, एलीप्रमाणे, आपल्या शिष्याला जे ऐकू येईल ते आपल्याविरुद्ध असले तरी सांगण्याची मोकळीक त्याला द्यावी. एलीने शमुवेलाला काहीही न लपविता सांगावयास लाविले, आणि ऐकून घेतल्यावर तो प्रभू आहे, त्याला योग्य वाटेल ते तो करो, या अर्थाने मान लवविली. त्याच्या साऱ्या उण्या आयुष्यात ही एक गोष्ट मोठी होती.

नागपूर-राजनांदगाव गाडीतील तो प्रवासी टिळकांना अनोळखीच राहिला. त्याने एक पुस्तक दिले आणि तो आपल्या वाटेने गेला. मराठी मंडळीने पुढे जी गीते गाइली त्यांतील कितीतरी त्या एका भेटीच्या पलीकडे उभी आहेत. आपल्या वाट्याला शमुवेलाचे काम येईल की एलीचे, हे आपण ठरवीत नाही. पांढुर्णा किंवा सौंसरच्या एखाद्या वस्तीत आज एखादे मूल हाक ऐकून चुकीच्या दारी धावत येत असेल, आणि ते दार आपलेही असू शकेल. तेव्हा आपण जागे असावे, आणि त्याला परत पाठविताना काय उत्तर द्यावयाचे ते नीट शिकवावे.